ब्रिस्बेन : नदीचा अंदाज चुकत आलेली राजधानी

१८२३ च्या मार्चमध्ये चार माणसं एका उघड्या होडीतून सिडनीहून दक्षिणेकडे निघाली. किनाऱ्यानं थोडं खाली जायचं, लाकूड भरायचं आणि परतायचं, एवढंच काम होतं. वाटेत वादळानं गाठलं. होडी कित्येक दिवस भरकटत राहिली आणि चौघांतला एक वाटेतच मेला. उरलेले तिघे, थॉमस पॅम्फ्लेट, जॉन फिनेगन आणि रिचर्ड पार्सन्स, एका बेटाच्या किनाऱ्यावर आदळले. आपण सिडनीच्या दक्षिणेला आहोत, अशी त्यांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात वाऱ्यानं त्यांना सिडनीच्या कितीतरी उत्तरेला, मोर्टन बेटावर आणून टाकलं होतं. सिडनी गाठायची म्हणून ते उत्तरेकडे चालत राहिले आणि प्रत्येक पावलागणिक सिडनीपासून लांब जात राहिले.

तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना मासे दिले, आसरा दिला. मुख्य भूमीवर आल्यावर एक रुंद नदी आडवी आली. कुठे उतार सापडेना, म्हणून तिघे काठाकाठानं वर वर चालत गेले आणि एका ओढ्याच्या तोंडाशी होडगं मिळालं तेव्हा कुठे पलीकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला सर्वेक्षक जॉन ऑक्सली नव्या कैदी वसाहतीसाठी जागा शोधत या भागात आला. ब्रायबी बेटाच्या किनाऱ्यावर त्याला पॅम्फ्लेट दिसला, पाठोपाठ फिनेगनही सापडला. फिनेगननं नदीची वाट दाखवली. ऑक्सलीनं न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर सर थॉमस ब्रिस्बेन याचं नाव नदीला दिलं. अहवालात या दोन भरकटलेल्या माणसांना श्रेय द्यायचं मात्र त्याला फारसं सुचलं नाही.

त्याआधी १७७० मध्ये जेम्स कुक या किनाऱ्यावरून गेला होता. १७९९ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सनं मोर्टन उपसागर धुंडाळला होता. दोघांनाही नदी सापडली नाही, कारण तिचं मुख खारफुटी आणि सखल बेटांच्या आड दडलेलं होतं. तुरबल आणि यागरा लोकांना ती अर्थातच ठाऊक होती. ते तिला मायवार म्हणत आणि आज जिथे उंच इमारतींची गर्दी आहे त्या नदीच्या वळणातल्या भूभागाला मीआंजिन.

पुढच्या दोनशे वर्षांत इथे मोठं शहर उभं राहिलं. नदीचा अंदाज चुकण्याची सवय मात्र सुटली नाही. नदी आता कळली असं शहराला वाटावं आणि तिनं भलतंच काही करून दाखवावं, हे इथे पुन्हा पुन्हा घडलं आहे.

कोपऱ्यातली राजधानी

ब्रिस्बेन ही क्वीन्सलंड राज्याची राजधानी आणि लोकसंख्येनं ऑस्ट्रेलियातलं तिसरं मोठं शहर. महानगराची वस्ती सुमारे २७ लाख, म्हणजे राज्यातली जवळपास निम्मी माणसं इथेच राहतात. राज्य अवाढव्य आहे : क्षेत्रफळ १७ लाख चौरस किलोमीटरहून जास्त, महाराष्ट्राच्या साडेपाचपट. एवढ्या मोठ्या राज्याची राजधानी त्याच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात आहे. दक्षिणेची सीमा इथून शंभरेक किलोमीटरवर. त्याच राज्यातलं केर्न्स शहर रस्त्यानं सुमारे १७०० किलोमीटर दूर, तर परराज्यातली सिडनी ९०० किलोमीटरवर.

याचं कारण कैदी वसाहतीत आहे. १८२४ मध्ये पहिला तळ उपसागराच्या काठी रेडक्लिफला पडला. ती जागा टिकली नाही, म्हणून १८२५ मध्ये वसाहत नदीकाठी आणली. शिक्षा भोगताना पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांना धाडायची ही जागा होती. कॅप्टन पॅट्रिक लोगन या क्रूर अधिकाऱ्याच्या काळात, १८२८ मध्ये, टेकडीवर पवनचक्की बांधली. तिला जोडून एक पायचक्कीही होती. कैद्यांनी तिच्या पायऱ्या तासन् तास चढत राहायचं आणि धान्य दळायचं, ही शिक्षाच होती. ही दगडी पवनचक्की विकम टेरेसवर अजून उभी आहे. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या प्रयोगांसाठी याच मनोऱ्यावरून इप्सविचपर्यंत चित्रं पाठवली गेली.

१८४२ मध्ये वसाहत सामान्य लोकांना खुली झाली. १८५९ मध्ये क्वीन्सलंड न्यू साउथ वेल्सपासून वेगळं झालं आणि आधीच वसलेलं ब्रिस्बेन राजधानी बनलं. नव्या सरकारच्या तिजोरीत तेव्हा साडेसात पेन्स होते असं सांगतात. उत्तरेकडच्या बंदरांनी आपापले लोहमार्ग आत नेले, आपापला व्यापार सांभाळला. त्यामुळे राजधानी असूनही ब्रिस्बेन बराच काळ एक मोठं खेडंच राहिलं.

मूळ रहिवाशांना या शहरात काय जागा होती, हे नकाशावर अजून वाचता येतं. वेस्ट एंड आणि स्प्रिंग हिल या दोन्ही भागांत ‘बाउंडरी स्ट्रीट’ नावाचे रस्ते आहेत. एकोणिसाव्या शतकात अंधार पडल्यावर आदिवासींनी या हद्दींच्या आत थांबायचं नाही, असा दंडक होता. रस्त्यांची नावं आजही तीच आहेत.

खांबांवरचं घर

ब्रिस्बेन उपोष्ण कटिबंधात येतं. उन्हाळ्यात पारा ३० अंशांच्या आसपास आणि हवा दमट. हिवाळा कोरडा, उन्हाचा, दुपारी विसेक अंशांचा. वर्षाचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर, त्यातला बराचसा डिसेंबर ते मार्चमध्ये. उन्हाळी दुपारी पश्चिमेकडून काळे ढग चढतात, अर्धा तास गारांसह झोडपून काढतात आणि संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. झाडं पाहिली तर आपल्याकडच्या माणसाला परकं वाटू नये : आंबा, गुलमोहर, वडाच्या कुळातले प्रचंड वृक्ष आणि संध्याकाळी त्यांवरून उडणारी वटवाघळं. नीलमोहर, म्हणजे जॅकरँडा, दक्षिण अमेरिकेतून आला. वॉल्टर हिल या वनस्पती उद्यानाच्या पहिल्या प्रमुखानं १८६४ मध्ये तो इथे लावला. ऑक्टोबरमध्ये तो फुलतो तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. जांभळा सडा पडला आणि अजून पुस्तक उघडलं नसेल तर तुझं काही खरं नाही, असं विद्यार्थी एकमेकांना सांगतात.

या हवेतून घराची एक खास घडण तयार झाली. तिला ‘क्वीन्सलंडर’च म्हणतात. असं घर लाकडी फळ्यांचं, वर पन्हळी पत्र्याचं छप्पर, भोवती रुंद व्हरांडा आणि सगळं जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेलं. खांबांची उंची जागेप्रमाणे बदलते. शहर टेकड्याटेकड्यांचं असल्यामुळे एकाच घराचे पुढचे खांब गुडघ्याएवढे आणि मागचे पुरुषभर उंच असू शकतात. उतार सपाट करत बसण्यापेक्षा खांब लहानमोठे करणं स्वस्त पडे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची एक उपडी टोपी बसवलेली असते. वाळवीला लाकडाच्या आतून थेट घरात शिरता येऊ नये, टोपीला वळसा घालून बाहेरून मातीची वाट बांधावी लागावी आणि ती घरमालकाच्या नजरेला पडावी, एवढ्यासाठी ही युक्ती. घराखालची जागा वाया जात नाही. पावसाळ्यात तिथे दोरीवर कपडे वाळतात, मुलं खेळतात, सायकली आणि हत्यारं पडलेली असतात. जमिनीलगतची हवा खेळती राहते, वरच्या खोल्या थंड राहतात. आणि पाणी आलंच, तर ते बहुतेक वेळा घराच्या खालून निघून जातं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत मागे पडली. जमिनीवरच काँक्रीटचा थर ओतून त्यावर विटांचं घर बांधणं सोपं आणि स्वस्त होतं. वातानुकूलन यंत्रं आली तशी खेळत्या हवेची गरजही उरली नाही. खांब गेले आणि त्यांच्याबरोबर पाण्याला सोडलेली वाटही गेली. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं बरंच नुकसान याच घरांचं झालं.

पुराची मोजपट्टी

ब्रिस्बेन नदी सुमारे ३४४ किलोमीटर लांब आहे. शहर मुखापासून वीसेक किलोमीटर आत वसलं आहे, पण भरतीचं पाणी त्याच्याही पुढे बरंच आत जातं. त्यामुळे पूर आला की एक प्रश्न असतो पाणी किती आलं हा आणि दुसरा, ते भरतीच्या वेळी आलं का, हा.

१८९३ चा फेब्रुवारी इथे अजून विसरलेले नाहीत. ३ तारखेला उत्तरेकडच्या क्रोहॅमहर्स्ट या ठिकाणी चोवीस तासांत ९०७ मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसाच्या पावसाचा तो ऑस्ट्रेलियातला विक्रम आजही मोडलेला नाही. शहरात पाणी ८.३५ मीटरवर चढलं आणि व्हिक्टोरिया पुलाचा मोठा भाग वाहून गेला. त्याच महिन्यात आणखी दोन पूर आले. ‘पलूमा’ नावाची गनबोट पहिल्या पुरात वाहत येऊन वनस्पती उद्यानात बसली आणि पाणी ओसरल्यावर कोरड्यावर अडकली. तिला बाहेर कसं काढायचं याची चिंता चालू असतानाच पुढच्या पुरानं तिला उचलून पुन्हा नदीत सोडलं.

यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं तेवढा पूर आला नाही. सॉमरसेट धरण बांधलं गेलं, शहर सखल भागात पसरत गेलं. मग १९७४ च्या जानेवारीत ‘वांडा’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी पाऊस आणला आणि पाणी ५.४५ मीटरपर्यंत गेलं. नव्या मोठ्या धरणाची आखणी त्याआधीच झाली होती, या पुरानं तिच्यामागे जनमत उभं केलं. १९८४ मध्ये शहराच्या वरच्या अंगाला वाइव्हनहो धरण पूर्ण झालं.

या धरणाचे दोन मजले आहेत असं समजा. खालच्या मजल्यात पिण्याचं पाणी, सुमारे ४१ टीएमसी. वरचा मजला त्याहूनही मोठा आणि एरवी रिकामा ठेवायचा, पूर आला की त्यात पाणी धरून हळूहळू सोडायचं. म्हणूनच बातम्यांत ‘धरण १९० टक्के भरलं’ असं विचित्र वाक्य ऐकू येतं. शंभर टक्के म्हणजे फक्त खालचा मजला भरलेला. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. अडचण अशी की लॉकयर ओढा आणि ब्रेमर नदी या धरणाच्या खाली येऊन मिळतात. नदीच्या जवळजवळ निम्म्या पाणलोट क्षेत्रावर वाइव्हनहोचा काहीच ताबा नाही. धरणाच्या भिंतीकडे पाहून निर्धास्त झालेल्या लोकांना ही निम्मी गोष्ट कुणी फारशी सांगितली नाही. पूररेषेच्या आत घरं बांधली गेली, विकली गेली आणि ‘आता धरण आहे’ हे वाक्य सगळ्या शंकांवरचं उत्तर बनलं.

पुढच्या पुराच्या आधी मात्र उलटंच संकट आलं. शतकाच्या सुरुवातीच्या दीर्घ दुष्काळात २००७ च्या ऑगस्टमध्ये धरणांतला साठा १७ टक्क्यांच्याही खाली गेला. माणशी दिवसाला १४० लिटर ही मर्यादा ठरली. अंघोळ चार मिनिटांत उरकावी म्हणून घरोघरी छोटी घड्याळं वाटली गेली. गोल्ड कोस्टला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभा राहिला. ज्या शहरानं असा तळ पाहिला, त्याला भरलेलं धरण रिकामं करा असं सांगणं सोपं नव्हतं.

२०१० च्या अखेरीस ला निना प्रबळ होता. पूर्व ऑस्ट्रेलियात ला निना म्हणजे भरपूर पाऊस. १९७४, २०११ आणि २०२२, तिन्ही पूर ला निनाच्या काळातले. २०११ च्या जानेवारीत वाइव्हनहोचा साठा १९० टक्क्यांवर गेला, मोठा विसर्ग करावा लागला आणि १३ तारखेला शहरात पाणी ४.४६ मीटरवर पोहोचलं. पुष्कळ ठिकाणी ते काठ ओलांडून आलंच नाही. पावसाळी गटारांतून उलटं वर चढून ते नदीपासून दूरच्या रस्त्यांवर उगवलं. लोक नदीकडे नजर लावून बसले होते आणि पाणी मागच्या गल्लीतून आलं.

त्या पहाटेची एक घटना शहरात अजून सांगतात. न्यू फार्मजवळ नदीवर तरंगणारा एक पादचारी मार्ग होता. त्याचा सुमारे ३०० मीटर लांबीचा काँक्रीटचा तुकडा तुटून प्रवाहाला लागला. तो खाली एखाद्या पुलाच्या खांबांवर आडवा आदळला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. एका छोट्या टगबोटीवरच्या दोघांनी तिचं नाक त्या तुकड्याला लावलं, त्याला ढकलत, वळवत प्रवाहाच्या दिशेत सरळ केलं आणि गेटवे पुलाच्या खांबांमधून पार करून नदीमुखाकडे नेलं. पाणी ओसरल्यावर हजारो लोक फावडी आणि बादल्या घेऊन अनोळखी माणसांची घरं धुवायला बाहेर पडले. त्यांना ‘मड आर्मी’, चिखलाची फौज, असं नाव पडलं.

नंतर भांडण कोर्टात गेलं. धरणाचे दरवाजे आधी उघडायला हवे होते का? २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टानं पूरग्रस्तांच्या बाजूनं कौल दिला. क्वीन्सलंड राज्य सरकार आणि सनवॉटर या सरकारी कंपनीनं भरपाई मान्य केली. २०२१ मध्ये मात्र अपिलात, धरण चालवणाऱ्या सीक्वॉटरच्या विरोधातला निकाल फिरला. पूर एकच, कागदपत्रं तीच, तरी दोन कोर्टांनी दोन निष्कर्ष काढले. एकाच धरणाकडून दुष्काळ आणि पूर अशी दोन्ही कामं मागितली की कुणा ना कुणाला दोष देणं नेहमीच शक्य असतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नदीनं हा वादच बाजूला सारला. शहरावर सलग तीन दिवस रोज २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. पाण्याचा मोठा वाटा धरणाच्या खालच्या भागातला होता, शहरातल्या ओढ्यानाल्यांचा होता. मुख्य नदी ३.८५ मीटरपर्यंतच गेली, म्हणजे २०११ पेक्षा कमी, पण ओढ्यांकाठची अशी अनेक घरं बुडाली ज्यांना आधीच्या वेळी पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

नदीकडे तोंड

बराच काळ ब्रिस्बेन नदीकडे पाठ करून बसलेलं होतं. काठावर धक्के, गोदामं आणि कारखाने होते. सत्तरच्या दशकात तर उत्तर काठावर पाण्याच्या अंगावरूनच एक्सप्रेसवे बांधला गेला. पात्रातली वाळू वर्षानुवर्षं उपसली, वरच्या खोऱ्यातली झाडं तोडली आणि गाळानं पाणी तपकिरी झालं. आज ब्रिस्बेनकर त्या रंगाची थट्टा करतात.

शहर म्हणून उभं राहण्याची खटपटही उशिराच सुरू झाली. १९२५ मध्ये आसपासच्या वीसेक स्थानिक संस्था एकत्र करून एकच महानगरपालिका केली गेली. सिडनी-मेलबर्नमध्ये डझनावारी लहान पालिका आहेत, इथे बसपासून पाण्यावरच्या फेरीपर्यंत पुष्कळ गोष्टी एकाच छताखाली आल्या. तरीही क्लेम जोन्स १९६१ मध्ये महापौर झाले तेव्हा शहराच्या मोठ्या भागात मैलावाहिन्या नव्हत्या, संडास परसात होते. मैलावाहिन्या टाकणं हे त्यांचं सर्वांत मोठं काम ठरलं. त्याच काळात ट्राम मात्र गेल्या. १९६९ मध्ये शेवटची धावली. १९७९ मध्ये संसदेसमोरचं जुनं बेलव्ह्यू हॉटेल रातोरात पाडलं गेलं, तेव्हा जुन्या वास्तू पाडण्याविरुद्ध लोकांत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राग उसळला.

नदीकडे तोंड वळवलं ते १९८८ च्या जागतिक प्रदर्शनानं. दक्षिण काठावरची मोडकळीला आलेली गोदामं हटवून ‘एक्स्पो ८८’ भरलं आणि सहा महिन्यांत दीड कोटीहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या. नंतर ती जागा विकासकांना न देता १९९२ मध्ये तिथे साउथ बँकची सार्वजनिक बाग झाली. तिथे खरी वाळू पसरलेला कृत्रिम समुद्रकिनाराही आहे. खरा लाटांचा समुद्र तासभर दूर आणि नदीचं पाणी पोहावंसं न वाटणारं, म्हणून ही सोय. १९९६ पासून सिटीकॅट नावाच्या दोन धडांच्या वेगवान फेरीबोटी सुरू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच बोटींना नदीच्या वळणांची आदिवासी नावं दिली आहेत. २०२४ पासून बस, रेल्वे आणि फेरी यांचं भाडं सरसकट ५० सेंट आहे.

२०११ नंतर फेरीचे धक्के पुन्हा बांधताना शहरानं एक शहाणपणाची गोष्ट केली. पाण्याशी टक्कर घेतील असे भक्कम धक्के बांधण्याऐवजी पुराला वाट देतील असे बांधले. तरंगत्या फलाटाचा आकार होडीसारखा आहे आणि वाहून येणारे ओंडके बाजूला सारायला पुढे एक मजबूत खांब आहे. जोडपूल पुराच्या जोरात एका टोकाला सुटतो आणि प्रवाहाबरोबर वळून राहतो. पाणी ओसरलं की तो पुन्हा जोडायचा.

पुढचं दशक

मराठी वाचकाला ब्रिस्बेन बहुधा गॅबा मैदानामुळे माहीत असतं. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तिथे एकही कसोटी हरली नव्हती. १९ जानेवारी २०२१ ला अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली, निम्मा संघ जायबंदी असताना, भारतानं ३२८ धावांचं लक्ष्य गाठलं. त्या सामन्यात पालघरच्या शार्दूल ठाकूरनं सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही काढल्या. हे मैदान आता फार दिवस राहणार नाही. २०३२ चं ऑलिंपिक ब्रिस्बेनला आहे, आणि नवं मोठं स्टेडियम व्हिक्टोरिया पार्कमध्ये बांधण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. या पार्कचं मूळ नाव बॅराम्बिन, आदिवासींची जुनी वस्तीची जागा. त्यामुळे वाद पेटला आहे. एकीकडे खेळ आणि जागा, दुसरीकडे हिरवळ आणि स्मृती.

ऑलिंपिकच्या निमित्तानं वस्ती वाढेल, घरांच्या किमती वाढतील आणि नदीकाठच्या जमिनीवर आणखी इमारती येतील. २०२२ मध्ये काठावरच्या अनेक इमारतींत वरच्या मजल्यांवर पाणी पोहोचलं नाही, पण तळघरातले विजेचे पॅनेल बुडाल्यानं लिफ्ट आणि दिवे बंद पडले आणि कोरड्या घरातल्या माणसांनाही बाहेर पडावं लागलं. त्या पुरानंतर केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ७४.१ कोटी डॉलरचा निधी काढला. त्यातून काही घरं विकत घेऊन पाडली जातात, ती जागा मोकळी ठेवली जाते. काही घरं उचलून उंच खांबांवर घेतली जातात. काहींत विजेची जोडणी वर नेऊन, भिजलं तरी धुऊन वापरता येईल असं साहित्य बसवलं जातं.

या तिन्ही उपायांत नवं तंत्रज्ञान जवळजवळ नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सुतारालाही ते समजले असते. नवीन आहे ती कबुली : पूर अडवणं हे धरणाचं काम असलं तरी सगळे पूर धरणाकडून येत नाहीत, म्हणून उरलेलं काम घराला आणि नगररचनेला करावं लागतं. ही कबुली ब्रिस्बेनला चार मोठ्या पुरांनंतर आली. २०३२ पर्यंत काठावर किती नवी तळघरं खणली जातात, यावरून ती कितपत मनापासून होती ते कळेल.